आत रॉड की बाहेर सळ्या?

१. त्याला रॉड, आम्हाला सळ्या

नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलेला रुग्ण ऑपरेशन थिएटरमधून वॉर्डात येतो. नातेवाईक पांघरूण बाजूला करतात आणि दचकतात. पायातून चार जाड सळ्या बाहेर आलेल्या, त्यांना उभा दांडा जोडलेला, वर नट आवळलेले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचंही तेच हाड मोडलंय, पण त्याच्या पायावर नुसतं बँडेज, कारण त्याला रॉड आतून घातला आहे. मग प्रश्न येतोच. ‘त्याला आतून आणि आमच्या पोराला बाहेरून का? पैशांमुळे का? का मोठे डॉक्टर आलेच नव्हते?’

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात किंवा गुलमंडीवर चार माणसांत अपघाताचा विषय काढून बघा. ‘अमक्याला रॉड टाकला, तीन महिन्यांत गाडी चालवायला लागला’ आणि ‘तमक्याला सळ्या लावल्या, वर्ष झालं तरी कुबड्या सुटल्या नाहीत’ अशी दोन उदाहरणं हटकून निघतात. त्यावरून रॉड चांगला, सळ्या वाईट असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब उलट्या बाजूने मांडलेला आहे. सळ्यांमुळे त्या तमक्याचा पाय रखडला असं नव्हे. त्याचा पाय मुळातच जास्त बिघडलेला होता, म्हणून तर त्याला सळ्या लागल्या. उघड्या मोडीत कुठला धातू घालायचा हे हाडापेक्षा जखम ठरवते. कसं, ते या प्रकरणात पाहू. त्यासाठी आधी हाड, मग जखम आणि मग धातू अशा क्रमाने जावं लागेल. धातूची घाई करू नये. ती घाई नातेवाइकांना असते, आणि कधीकधी डॉक्टरांनाही.

२. नडगीवर मांस कुठे आहे?

वाचता वाचता गुडघ्याखालून घोट्यापर्यंत, पायाच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. बोट थेट हाडावरून जातं, मध्ये फक्त कातडी. मांडीच्या हाडाभोवती चहूबाजूंनी जाड स्नायू आहेत, पण नडगीचं बहुतेक मांस मागे पोटरीत आहे. म्हणून अंधारात खाटेची कड नडगीला लागली की डोळ्यांत पाणी येतं. आणि म्हणूनच मोडलेल्या नडगीचं टोक सहज कातडी फाडून बाहेर डोकावतं. शरीरातल्या लांब हाडांपैकी सगळ्यात जास्त वेळा उघडं मोडतं ते हेच.

आता रक्ताचं बघू. हाड जिवंत असतं आणि त्याला रक्त मुख्यतः दोन वाटांनी मिळतं. एक धमनी हाडाच्या आतल्या पोकळीत शिरते आणि आतून पुरवठा करते. दुसरी वाट बाहेरून आहे. हाडावर एक पातळ, चिवट आवरण असतं, त्याला भोवतालच्या स्नायूंतून रक्त येतं. हाड मोडलं की आतली धमनी तुटते आणि काही आठवडे सगळी भिस्त बाहेरच्या आवरणावर राहते. नडगीला पुढून मांसच नाही, त्यात अपघातात आवरणही सोलवटलेलं. थोडक्यात, जुळायला वेळ लावणारं हे हाड. उघडी मोड असेल तर सहा महिने सहज जातात, वाईट मोड असेल तर वर्षही.

या दोन वाटा लक्षात ठेवा. पुढे जी जी पद्धत पाहू, ती यांपैकी एका वाटेला थोडाफार धक्का लावते. धक्का कुठे बसतो यावरच निम्मा वाद आहे.

रक्ताचा संबंध जंतूंशीही आहे. अँटिबायोटिक शिरेतून दिलं तरी ते जखमेपर्यंत रक्तातूनच पोचतं. जिथे रक्त नाही तिथे औषध नाही. मेलेलं मांस आणि सुटलेली हाडाची कपची ही जंतूंची सुरक्षित जागा. त्यात धातू असेल तर जंतू त्याच्यावर चिकट थर करून बसतात आणि मग महिनोन्‌महिने पू वाहत राहतो.

३. लंडनचं दार, ग्लासगोचा मुलगा

जखमेतून हाड दिसलं की पाय कापायचा, हा एके काळी युरोपातला सर्रास रिवाज होता. यात क्रौर्य नव्हतं. पाय ठेवला तर तो सडायचा आणि माणूस जायचा. जानेवारी १७५६मध्ये लंडनमधले नामांकित शल्यविशारद पर्सिव्हल पॉट ओल्ड केंट रोडवर घोड्यावरून पडले आणि त्यांच्या पायाची अशी उघडी मोड झाली. त्यांनी कुणालाही स्वतःला उचलू दिलं नाही. थंडीत रस्त्यावर पडल्या पडल्या त्यांनी पालखी वाहणारे दोन भोई बोलावले, एक दार विकत घेतलं, भोयांचे दांडे त्या दाराला ठोकायला लावले आणि त्यावर निजून लंडन ब्रिजवरून घरी गेले. हिसका बसला तर हाडाचं टोक उरलंसुरलं मांस फाडेल, हे त्यांना ठाऊक होतं. घरी जमलेल्या शल्यविशारदांनी पाय कापायचं ठरवलं, हत्यारं मांडली. तेवढ्यात त्यांचे जुने गुरू एडवर्ड नोर्स आले आणि म्हणाले, वाचवून बघू. पाय वाचला. अंथरुणावर पडल्या पडल्या पॉट यांनी हर्नियावर पुस्तक लिहायला घेतलं.

पॉट यांचा पाय वाचण्यात काळजी जितकी होती तितकंच नशीबही होतं. नशिबाचा वाटा कमी झाला तो १२ ऑगस्ट १८६५ला. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीज नावाचा ११ वर्षांचा मुलगा आला, गाडीचं चाक डाव्या नडगीवरून गेलेलं, जखम उघडी. जोसेफ लिस्टर यांनी लुई पाश्चरचे जंतूंवरचे निबंध वाचले होते. कार्लाइल गावात सांडपाण्याची घाण मारायला कार्बोलिक आम्ल वापरतात, हेही त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी त्या आम्लात भिजवलेला कपडा जखमेवर बांधला. चार दिवसांनी पट्टी सोडली तर पुवाचा वास नाही. सहा आठवड्यांत हाड जुळलं. निर्जंतुक शस्त्रक्रियेची सुरुवात म्हणून ज्या रुग्णाचं नाव घेतलं जातं, त्याची मोड नडगीचीच होती. हाड आवळून धरायला लिस्टर यांच्याकडे रॉड नव्हता, प्लेट नव्हती, साध्या फळ्या होत्या. पाय वाचला तो जखम स्वच्छ राहिल्यामुळे.

४. तीन अपघात

आता आपल्या रस्त्यांवर येऊ. तीन काल्पनिक माणसं घेऊ. ती आपल्याला शेवटपर्यंत लागतील.

पहिला औरंगपुऱ्याच्या गर्दीत, भाजी मंडईजवळ स्कूटरवरून घसरला. वेग ताशी २० किलोमीटर. हाडाचं टोक आतून टोचून बाहेर आलं आणि परत आत गेलं, कातडीला नखाएवढं भोक. दुसरा शेंद्र्याच्या एमआयडीसीतून पाळी संपवून मोटरसायकलवर येताना जालना रोडवर ट्रकला धडकला. वेग ६०. हाडाचे पाच-सहा तुकडे, तळहाताएवढी कातडी गेलेली, हाड उघडं. तिसरा पैठण तालुक्यातला शेतकरी, ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरमध्ये पाय गेला. जखमेत काळी माती, शेण, धसकटं, आणि हाडाचा मोठा तुकडा शेतातच राहिला.

पहिल्या दोघांच्या वेगात तिपटीचा फरक. पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीन गुणिले तीन, नऊपट. ती ऊर्जा हाडाचा भुगा करते आणि आजूबाजूचं मांसही मारते. वरून दिसणारी जखम म्हणूनच फसवी असते.

या जखमांची प्रतवारी जगभर जिच्या आधारे होते, ती मूळच्या फिलिपिन्समधल्या रॅमन गस्टिलो यांची. अमेरिकेत मिनियापोलिसला त्यांनी आणि अँडरसन यांनी १०२५ उघड्या मोडींचा अभ्यास करून १९७६मध्ये ती मांडली. जखम एक सेंटिमीटरपेक्षा लहान आणि स्वच्छ असेल तर पहिला प्रकार. त्याहून मोठी, पण मांसाची फार नासधूस नसेल तर दुसरा. मांस चिरडलेलं, हाडाचा चुरा किंवा शेतातली घाण असेल तर जखमेचा आकार काहीही असो, तिसरा. १९८४मध्ये तिसऱ्याचे आणखी तीन भाग पाडले. हाड आपल्याच मांसाने झाकता येत असेल तर ‘ए’, झाकायला दुसरीकडून मांस आणावं लागत असेल तर ‘बी’, आणि पायाला रक्त पुरवणारी तुटलेली धमनी शिवावी लागत असेल तर ‘सी’. पहिल्या प्रकारात जंतुसंसर्गाचं प्रमाण शेकडा दोनच्या आत असतं, तिसऱ्यात ते दहापासून पन्नासपर्यंत जातं.

आपला स्कूटरवाला पहिल्या प्रकारातला. कामगार ‘तीन बी’. शेतकरी तिसऱ्यातच, आणि त्याच्यापुढे हाड हरवल्याचा वेगळाच प्रश्न आहे. एक बारकावा: ही प्रतवारी कॅज्युअल्टीत पक्की होत नाही. भूल देऊन जखम धुतल्यावर, आत बोट घालून पाहिल्यावरच ती ठरते. ‘सकाळी डॉक्टर साधं म्हणाले, दुपारी गंभीर म्हणतात’ याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

५. धातूच्या आधी पाणी

रस्त्यावर काय करायचं? स्वच्छ ओला कपडा जखमेवर, पाय फळीला किंवा दुसऱ्या पायाला बांधायचा आणि १०८ला फोन. बाहेर आलेलं हाड दाबून आत ढकलायचं नाही. हळद, चहापूड, राख यांपैकी काहीही भरायचं नाही. नंतर ते सगळं एकेक कण करून काढावं लागतं.

दवाखान्यात पहिलं काम अँटिबायोटिकचं, जमलं तर पहिल्या तासातच. धनुर्वाताचं इंजेक्शन सोबत. मग भूल देऊन जखम उघडायची आणि मेलेलं सगळं कापून काढायचं. स्नायू जिवंत आहे का हे बघायला सर्जन तो चिमट्याने दाबतो. आकुंचन पावला, कापल्यावर रक्त आलं, रंग लालबुंद असला, तर राहू द्यायचा. हाडाची सुटी कपची ओढल्यावर सहज हातात आली तर ती टाकून द्यायची, कितीही मोठी असली तरी. हे काम कंटाळवाणं आहे, बिलात ठळक दिसत नाही आणि एक्स-रेत तर दिसतच नाही. माझं मत विचाराल तर उघड्या मोडीचा निकाल लागतो तो या तासाभरात.

‘सहा तासांच्या आत ऑपरेशन झालंच पाहिजे’ असं पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं. या नियमाचं मूळ १८९८मधलं आहे. पॉल फ्रीडरिश या जर्मन डॉक्टरांनी गिनीपिगांच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ भरली आणि पाहिलं की सहा तासांत जखम कापून साफ केली तर प्राणी तगतात. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. आज शेतातली किंवा गटारातली घाण असेल, धमनी तुटली असेल, तर ताबडतोब. जोराच्या धडकेची जखम बारा तासांच्या आत आणि बाकीच्या चोवीस तासांच्या आत, असा सल्ला ब्रिटिश अस्थिशल्यविशारदांची संघटना देते. मध्यरात्री शिकाऊ हाताने घाईत धुण्यापेक्षा सकाळी अनुभवी हाताने धुतलेलं बरं, हा त्यामागचा विचार. पण पहिलं अँटिबायोटिक सकाळपर्यंत थांबत नाही.

आणि धुवायचं कशाने? २०१५मध्ये एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. भारतासह पाच देशांतले २४४७ रुग्ण. काहींची जखम साबणाच्या द्रावणाने धुतली, काहींची साध्या सलाइनने. पाण्याचा दाबही कमी-जास्त करून पाहिला. दाबाने फरक पडला नाही. साबणवाल्यांपैकी १४.८ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा ऑपरेशन लागलं, सलाइनवाल्यांपैकी ११.६ टक्क्यांना. म्हणजे स्वस्तातलं सलाइन वरचढ ठरलं. महागड्या यंत्राशिवाय, उंच टांगलेल्या बाटलीतून सोडलेली धार पुरते, ही तालुक्याच्या रुग्णालयांसाठी केवढी चांगली बातमी आहे!

६. रॉड, प्लेट, फिक्सेटर

मांडवाचा बांबू मध्येच तडकला तर काय कराल? त्याच्या पोकळीत लोखंडी गज सरकवाल, किंवा बाजूने पट्टी लावून खिळे ठोकाल, किंवा तडकलेल्या जागेपासून लांब, वर आणि खाली पकडी लावून त्या बाहेरून दांड्याने जोडाल. रॉड, प्लेट आणि फिक्सेटर हे अनुक्रमे तेच आहेत. फक्त बांबूला रक्त लागत नाही.

रॉड. पोकळीत रॉड घालण्याची पद्धत रूढ केली जर्मनीतल्या कील शहरातल्या गेर्हार्ड क्युंशर यांनी. नोव्हेंबर १९३९मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या मांडीत रॉड घातला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या एक्स-रेत तो दिसला तेव्हा तिकडचे डॉक्टर चक्रावले होते.

नडगीत तो आज असा घालतात. गुडघा पुरता वाकवतात. वाटीच्या खाली छोटा छेद, मग टोकदार आरीने हाडाच्या माथ्यावर भोक. त्यातून एक लांब तार खाली सोडतात, तिच्या टोकाला मण्यासारखी गाठ असते. तार मोडीच्या वरच्या तुकड्यातून खालच्या तुकड्यात शिरली की नाही, ते सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर दिसतं. तार क्षणभर अडते, सर्जन पाय किंचित फिरवतो, आणि ती सुळकन खाली जाते. मग तिच्यावरून अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने जाड होत जाणारे रीमर फिरवून पोकळी खरवडतात, रॉड ठोकत बसवतात आणि वर-खाली आडवे स्क्रू घालून कुलूपबंद करतात. हे स्क्रू नसतील तर पाय रॉडभोवती गरकन फिरेल किंवा आखूड होईल.

रॉड हाडाच्या मध्यातून जात असल्याने भार सरळ पेलतो. गुडघा आणि घोटा लगेच हलवता येतात, जखम शिवायला जागा मोकळी राहते. तोटा आतल्या रक्तवाटेचा. ती रीमरने आणखी खरवडली जाते. मग उघड्या मोडीत खरवडावं की न खरवडता बारीक रॉड घालावा? २००८च्या एका चाचणीत १२२६ रुग्ण होते, त्यांपैकी ४०० उघड्या मोडीचे. बंद मोडींत खरवडणं फायद्याचं ठरलं, उघड्यांत दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. आपल्या स्कूटरवाल्याला धुतल्यावर त्याच बैठकीत रॉड घालतात. त्याच्यासाठी फिक्सेटरचा विचार करायचं कारणच नाही.

प्लेट. सांध्याजवळच्या मोडीत रॉडला पकड मिळत नाही. तिथे प्लेट लागते आणि ती छान काम करते. पण नडगीच्या मधोमध उघड्या मोडीवर प्लेट म्हणजे बाहेरचं आवरण आणखी सोलणं, म्हणजे उरलेल्या एकमेव रक्तवाटेवर घाव. शिवाय धातू नेमका कातडीखाली. अमेरिकेतल्या दोन सर्जननी १९८९मध्ये गंभीर उघड्या मोडींत प्लेट आणि फिक्सेटर यांची तुलना केली. प्लेटवाल्यांत जवळपास पाचात एकाच्या हाडात गंभीर जंतुसंसर्ग झाला, फिक्सेटरवाल्यांत तीसात एकाच्या. तेव्हापासून अशा मोडीत प्लेटचं नाव मागे पडलं, ते पडलंच.

फिक्सेटर. मोडीपासून दूर, निरोगी कातडीतून हाडात सळ्या बसवायच्या आणि बाहेर दांड्याने जोडायच्या. जखमेत धातू नाही. अर्ध्या तासात लागतो, सी-आर्म नसला तरी लागतो. रुग्णाचं डोकं फुटलेलं असेल, पोटात रक्तस्राव असेल, तर तेवढाच वेळ हातात असतो. जखम रोज उघडून पाहता येते.

किंमत रुग्ण मोजतो. सळी कातडीतून जिथे शिरते तिथे रोज साफसफाई करावी लागते. सलाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा सळीभोवती एकदाच फिरवायचा, टाकायचा, दुसऱ्या सळीला नवा. खपली धरू लागली की हलकेच काढायची. कितीही केलं तरी एखाद्या सळीतून पाणी येतंच, आणि सळी सैल झाली की हाड हळूहळू वाकडं जुळतं. पायजम्याची एक शिवण उसवून तिथे बंद लावतात, कारण सांगाड्यावरून पायजमा चढत नाही. रात्री कुशीवर वळायचं तर दुसऱ्या पायाला ओरखडे.

मग ज्यांना दोन्ही चालण्यासारखं आहे त्यांच्यासाठी कुठलं बरं? याचं चांगलं उत्तर श्रीमंत देशातून आलं नाही. टांझानियातल्या दार-ए-सलामच्या मुहिंबिली संस्थेत, ज्यांची जखम शिवून बंद होण्यासारखी होती अशा रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं आणि वर्षभर पाहिलं. निकाल २०२०मध्ये छापून आला. जंतुसंसर्ग, न जुळणं, वाकडं जुळणं या कारणांनी पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण रॉडमध्ये १८ टक्के, फिक्सेटरमध्ये २१.८. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. पण रॉडवाल्यांचा पाय सरळ जुळण्याचं प्रमाण अधिक होतं आणि सहा आठवड्यांनी त्यांचं रोजचं जगणं अधिक सुसह्य होतं. वर्षाच्या शेवटी तोही फरक मिटला. तिथे वापरलेला रॉड सी-आर्मशिवाय बसवता येतो. लुइस झर्कल या अमेरिकन डॉक्टरांच्या संस्थेने तो अशाच रुग्णालयांसाठी केला आहे.

म्हणजे आत रॉड घातला म्हणून जखम सडते, ही जुनी भीती खरी ठरली नाही. सळ्या लावल्या म्हणून पाय वाया गेला, हेही खरं नाही. शक्य असेल तिथे रॉड. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घाटीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात, दाखल झालेल्या माणसालाही हेच लागू आणि खाजगी खोलीतल्यालाही.

७. हाडावर कातडी कोण घालणार?

आता जालना रोडवरचा कामगार. धुऊन झालं, फिक्सेटर लागला, पण हाड उघडंच आहे. उघडं हाड वाळतं आणि मरतं. इथे हाडांच्या डॉक्टरइतकाच प्लास्टिक सर्जन महत्त्वाचा. मांडीवरची पातळ कातडी सोलून लावली तर ती उघड्या हाडावर धरत नाही. रक्तवाहिनीसकट स्नायूचा किंवा कातडीचा जाड तुकडा फिरवून आणावा लागतो. त्याला फ्लॅप म्हणतात. नडगीच्या वरच्या भागासाठी पोटरीचा स्नायू पुढे वळवता येतो. घोट्याजवळ तशी सोय नसते, म्हणून पाठीतून किंवा मांडीतून तुकडा पुरता सोडवून त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पायातल्या वाहिन्यांना शिवतात.

हे कधी करायचं? ल्युब्लियानाच्या मार्को गोदिना यांनी ५३२ रुग्णांचा अनुभव १९८६मध्ये मांडला. ७२ तासांच्या आत फ्लॅप झालेल्यांत जंतुसंसर्ग १.५ टक्के; तीन दिवस ते तीन महिने या काळात झालेल्यांत १७.५ टक्के. हा निबंध छापून आला त्याच वर्षी गोदिना स्वतः मोटार अपघातात गेले. तीन दिवसांची ती मर्यादा आजही मार्गदर्शक मानली जाते. फ्लॅपच्या वेळीच किंवा दोनेक आठवड्यांच्या आत फिक्सेटर काढून रॉड घालता येतो. त्याहून उशीर झाला तर सळ्यांच्या भोकांत वस्तीला आलेले जंतू रॉडबरोबर आत जाण्याची भीती वाढते. म्हणून ‘सळ्या राहू द्या, महिन्याने बघू’ असं ऐकलं तर महिन्याने नेमकं काय बघणार, हे विचारायला हरकत नाही.

पाय वाचवायचा की कापायचा हा प्रश्न अशा जखमेत अधूनमधून येतोच. त्यासाठी कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी गुणपद्धती तयार केली, २००६मध्ये ती प्रसिद्ध झाली. कातडी, हाड, स्नायू-नसा यांना प्रत्येकी पाचपर्यंत गुण. मधुमेह, उशीर, घाण अशा गोष्टींना प्रत्येकी दोन. समजा कामगाराचे कातडीचे ४, हाडाचे ३, स्नायूंचे ३ आणि रक्तस्रावाच्या धक्क्याचे २. बेरीज १२. चौदापर्यंत पाय वाचवायचा, सतरापासून पुढे कापणं हिताचं, मधल्या अंकांत अनुभवी डॉक्टरांचा निर्णय. भारतातल्या रस्त्यांवरच्या जखमा पाहून बेतलेली ही पद्धत आता बाहेरच्या देशांतही वापरतात.

८. कुर्गानच्या तारा

राहिला पैठणचा शेतकरी. माती काढायला दोन-तीनदा थिएटरमध्ये न्यावं लागलं, आणि आता नडगीत सहा सेंटिमीटरची पोकळी आहे. इथे रॉड पाय नुसता धरून ठेवेल. मधलं हाड कुठून येणार?

सोव्हिएत संघात, सायबेरियातल्या कुर्गानमध्ये गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५०च्या सुमारास सायकलच्या ताणलेल्या तारा वापरून पायाभोवती कडी, म्हणजे रिंग, बसवायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट अशी: निरोगी भागात हाड हलक्या हाताने कापा, आठवडाभर थांबा, मग दोन्ही तुकडे रोज एक मिलिमीटर या गतीने दूर न्या, तर मधल्या फटीत नवं हाड तयार होत जातं. घाई केली तर फट रिकामी राहते, सुस्ती केली तर वेळेआधीच जुळतं. दर सहा तासांनी नट पाव मिलिमीटर फिरवायचा. हे काम रुग्ण किंवा त्याची बायको घरी करते.

हिशेब करू. सहा सेंटिमीटर म्हणजे ६० मिलिमीटर, म्हणजे ६० दिवस नुसते सरकवण्याचे. पण नवं हाड सुरुवातीला मऊ असतं, ते घट्ट होईपर्यंत रिंग काढता येत नाही. एकूण धरलं तर दर सेंटिमीटरमागे साधारण दीड महिना, म्हणजे नऊ महिने. आपला शेतकरी खरिपाला जखमी झाला तर पुढचा खरीप येईतो रिंग पायात. मात्र त्या काळात तो चालू शकतो, किंबहुना त्याने चालावं असाच आग्रह असतो.

इलिझारोव्ह यांचं नाव झालं ते उंच उडीतले ऑलिंपिक विजेते वालेरी ब्रुमेल यांच्यामुळे. १९६५मध्ये मॉस्कोत मोटरसायकलवर मागे बसलेले असताना त्यांच्या उजव्या नडगीचा चुरा झाला. अनेक ऑपरेशनं होऊन हाड जुळेना. १९६८मध्ये ते कुर्गानला गेले, आणि नंतर त्यांनी पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली. पश्चिमेला ही पद्धत १९८०नंतर इटलीमार्गे पोचली. कार्लो मौरी या गिर्यारोहकाचा वर्षानुवर्षं न जुळलेला पाय कुर्गानमध्ये बरा झाला होता. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि हलके दांडे जोडून ‘जेस’ नावाचा स्वस्त सांगाडा तयार केला. तो जास्त करून हाताच्या मोडींसाठी आणि जन्मतः वाकड्या पावलांसाठी वापरतात.

दुसरा मार्ग फ्रान्सच्या अलँ मास्केले यांचा. पोकळीत आधी सिमेंटचा गोळा ठेवायचा, सहा-आठ आठवड्यांत शरीर त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेली पिशवी विणतं. मग गोळा काढून त्या पिशवीत कंबरेच्या हाडाचा चुरा भरायचा. यात कडी नसते, पण भरायला पुरेसं हाड असावं लागतं.

तिन्ही माणसांना एक सूचना सारखीच: विडी-सिगारेट बंद. धुराने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि नडगीकडे तेवढी चैन नाही.

९. रॉड काढायचा का?

हा प्रश्न वर्ष-दोन वर्षांनी येतो. त्रास नसेल तर काढायची गरज नाही. रॉड आयुष्यभर राहिला तरी चालतो. नडगीच्या रॉडची नेहमीची तक्रार गुडघ्याच्या पुढच्या दुखण्याची असते, कारण तो तिथूनच आत गेलेला असतो. चालताना फारसं कळत नाही, पण देवळात किंवा नमाजाला गुडघे टेकले की टोचतं. असं रोज होत असेल आणि एक्स-रेत हाड चारही बाजूंनी जुळलेलं दिसत असेल, तर दीड-दोन वर्षांनंतर काढता येतो. दुखणं मात्र दर वेळी पूर्ण थांबतंच असं नाही, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. एखादा आडवा स्क्रू कातडीखाली टोचत असेल तर तेवढाच, जागा बधिर करून, दहा मिनिटांत निघतो.